रंग बदलायचा का?

नवरी पुन्हा लाल साडीत आली.

या वेळी तर ॲपने तिच्या मागे होमसुद्धा पेटवून दिला होता. करिष्माने कपाळाला हात लावला. "मी पांढरी साडी लिहून राहिली, हे लाल काढून देते. ऐकतच नाही कोणाचं."

"तुह्यावर गेलं असन," पलंगावर लसूण सोलत बसलेल्या कमला आजी म्हणाल्या.

प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दोनमधल्या क्वार्टरची पुढची खोली आज करिष्माचं ऑफिस होती. ती अकरावीत होती. शाळेच्या गॅदरिंगमधले डान्सचे ड्रेस तिने याच ॲपवर डिझाइन केले होते आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. आजचं काम मात्र ड्रेसचं नव्हतं. लग्नाच्या साडीचं होतं. रीना तिची पहिली गिऱ्हाईक होती, आणि गिऱ्हाइकाला मॅडम म्हणायचं, हे करिष्माने सकाळीच ठरवून टाकलं होतं.

रीना प्लांटमधून फर्स्ट शिफ्ट करून नुकतीच आली होती. पायातले सेफ्टी शूजही अजून काढले नव्हते. करिष्माने तिचा फोटो ॲपमध्ये टाकला होता, त्यामुळे साडी कुठलीही आली तरी नवरीचा चेहरा रीनाचाच होता.

लग्न रविवारी होतं, विहारात. सिविक सेंटरच्या बाजारात साड्यांवर प्रिंट मारून देणारे प्रफुल दादा म्हणाले होते, आज दुकान बंद व्हायच्या आत डिझाइन पाठव, नाहीतर रविवारचं विसर.

तसं बाकी सगळं तयार होतं. करिष्माने कागदावर पिंपळाचं एक पान काढून त्याचा फोटो टाकला. ॲपने पानाला पान जोडत पूर्ण साडीभर काठ फिरवला, निऱ्यांमध्ये पानं कशी दुमडतील तेही दाखवलं. चार्ट पेपरवर एवढंच काढायला तिची अख्खी दिवाळीची सुट्टी गेली असती. अडलं होतं ते फक्त रंगावर. नवरी म्हटलं की लाल. पांढरा म्हटला की गाऊन आणि डोक्यावरून जाळीदार ओढणी. आपल्यात नवरी पांढरी साडी नेसून विहारात उभी राहते, हे त्या ॲपला कोणी सांगितलंच नव्हतं.

"जाऊ दे व," रीना म्हणाली. "बिस्किट कलर कर. मले चालते."

"कावून? नवरदेव पांढऱ्या कुर्त्यात अन् नवरी बिस्किट कलरमध्ये? मॅडम, अतुल काका काय हातात चहा घेऊन उभे रायतीन का?"

आजी खुदकन हसल्या. रीना हसली नाही.

"पांढरा नको म्हटलं ना. लोक बोलतेत."

"कोण लोक? मोना ताईचं लग्न पांढऱ्या साडीत झालं. आपल्यात सगळ्यांचंच होते. तेव्हा तर कोणी काही बोललं नाही."

"मोनाची गोष्ट वेगळी आहे."

करिष्माने मान खाली घातली आणि ॲपमध्ये पुन्हा लिहिलं; या वेळी काहीच सोडलं नाही. बौद्ध पद्धतीचं लग्न. विहार. पांढरी साडी, निळा काठ, पिंपळाची पानं. लाल नको. होम नको. गाऊन तर अजिबात नको.

स्क्रीनवर गोल गोल फिरत राहिलं. फोटो आला नाही. त्याच्या जागी एक ओळ आली आणि करिष्माने ती घाईघाईत मोठ्याने वाचायला घेतली. "पांढरा रंग विधवेचा मानला जातो. नवरीसाठी रंग..." पुढचं तिने मनातच वाचलं.

नवरीसाठी रंग बदलायचा का?

रीना खाली वाकून बुटाची लेस सोडू लागली. "पाह्य," ती म्हणाली. "मशीनलेही समजते."

कमला आजींनी लसणाचं ताट बाजूला सरकवलं. हात पदराला पुसले. पलंगावरून उतरून त्या रीनाच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मशीनले काय समजते? माह्या पोराच्या लग्नात तू पांढऱ्याच साडीत उभी होती. त्या दिवशी तो रंग नवरीचाच होता ना?" त्यांचा आवाज जरा चिरकला. मग पुन्हा सरळ झाला. "माहा पोरगा गेला, रीना. रंग घेऊन नाही गेला."

रीनाच्या हातातली लेस अर्धीच सुटली होती. ती तशीच वाकून राहिली. करिष्माला वाटलं, आता ही उठून आत निघून जाईल. पण रीनाने हात पुढे केला, मोबाइल घेतला, आणि काठाचं डिझाइन बोटांनी मोठं करून पाहिलं. एक पान. मग शेजारचं पान.

"निळा काठ जरा रुंद ठेवा," ती म्हणाली. तिने नाक वर ओढलं. "डिझायनर मॅडम."

"ठेवते ना. टेन्शन मत लो, मॅडम."

आजी वळल्या, पुन्हा पलंगावर बसल्या आणि लसूण सोलू लागल्या, जणू काही झालंच नव्हतं.

मोबाइल परत करिष्माच्या हातात आला. काठ रुंद करायला दोन बोटं पुरली. स्क्रीनवर तो प्रश्न अजून तसाच उत्तराची वाट पाहत होता. आता तिचे अंगठे कुठेही अडले नाहीत.

"नाही. पांढराच. नवरी माझी आई आहे."