वडूजकराला दिलेला मार

"हाणली बघा काकांनी!"

पडद्यावर बुक्की बसली आणि आष्ट्याचं मंगल कार्यालय शिट्ट्यांनी दणाणलं. काका म्हणजे निवृत्त सुभेदार लालासाहेब. ते पहिल्याच खुर्चीत जीव मुठीत धरून बसले होते. ती बुक्की त्यांनी मारलेली नव्हती, खाल्लेली होती.

पलटणीतल्या बॉक्सिंगची, हलक्या वजनाची ती फायनल वडूजच्या मल्हारने जिंकली होती. पुढे लालासाहेब सुट्टीवर गावी आल्यावर कुणीतरी विचारलं, "जिंकलात न्हवं?" त्यांनी सुजलेल्या तोंडाने नुसती मान हलवली. झालं. चाळीस वर्षं गाव दरसाल त्या विजयाचा सत्कार करत आलं होतं. आज तर तालमीला त्यांचं नाव द्यायचं होतं. पुतण्या विश्वजीत तालमीचा अध्यक्ष, शिवाय नगरपालिकेला उभा. त्याने हौसेने त्या लढतीची जुनी फिल्म शोधून काढली, आणि एवढ्यावर न थांबता मल्हारलाच प्रमुख पाहुणा म्हणून आणून काकांच्या शेजारी बसवलं.

फिल्म पार पुसट झाली होती. दोघेही काटकुळे, दोघांची डोकी तासलेली, दोघांच्या अंगात पांढरी बनियन. मारतोय तो आपला आणि खातोय तो वडूजचा, हे गावाने परस्पर ठरवून टाकलं.

"त्या मेल्याला धड उभं बी ऱ्हाता येईना," बायकांच्या घोळक्यातून राहीबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला इतकं स्पष्ट कधी सुनावलं नव्हतं. बायका खदाखदा हसल्या. लालासाहेबांना ते हसणं त्या जुन्या मारापेक्षा जास्त लागलं. पण करणार काय? स्वतःला पडलेल्या प्रत्येक बुक्कीला ते टाळी देत राहिले. मल्हारकडे बघायची मात्र त्यांची छाती होईना.

शेवटी पंचाने एकाचा हात वर केला. सगळं गाव उठून उभं राहिलं. विश्वजीतने माइक थेट मल्हारच्या तोंडापुढे धरला.

"मल्हारमामा, आता तुमीच सांगा. कसा हुता आमच्या काकांचा हात?"

लालासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. हा माणूस एक वाक्य बोलला की तालीम गेली, पुतण्याची निवडणूक गेली आणि घरी राहीबाईंना तोंड दाखवायची सोय गेली. मल्हारने सावकाश माइक हातात घेतला.

"लय मारलं हो. आजून थंडीत जबडा ठणकतोय."

टाळ्या थांबेचनात. कुणीतरी लालासाहेबांवर चौथी शाल घातली. ते सकाळपासून एकदा मोरीवर जाऊन यावं म्हणून ताटकळले होते. आता संधी साधून अर्धवट उठले, तेवढ्यात विश्वजीतने त्यांना खांदे धरून खाली बसवलं. "काका, कुठं चालला? भाषणं ऱ्हायल्यात आजून."

पहिला वक्ता खाकरला. लालासाहेबांचे डोळे भरून आले होते. ते शेजारी झुकून पुटपुटले, "गड्या, जिंकलास तू. मग खरं का न्हाई सांगितलंस?"

मल्हारने आपली खुर्ची हळूच जरा लांब सरकवली.

"जिंकलेल्याचं काय हाल हुत्यात, ते सकाळधरनं बघतोय न्हवं का मी."