कमेंटमधले भाऊ

दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण फोनवरच्या बातम्यांखाली रोज भांडायचे. थोरल्याने लिहावं, "बोलणारा फ्रिज कशाला? भूक लागलेली माणसाला कळत नाही का?" की धाकटा खाली हजर: "काही लोक अजून दगडावर दगड घासून चूल पेटवतात." दोघी जावा हे एकमेकींना वाचून दाखवत पोट धरून हसायच्या.

परवा आपोआप चालणाऱ्या गाडीची बातमी आली. थोरल्याने ठेवणीतलं लिहिलं, "ड्रायव्हरच नसेल तर रस्त्यात शिव्या द्यायच्या कुणाला?" संध्याकाळ झाली तरी धाकट्याचं अवाक्षर नाही. थोरल्याला घास उतरेना.

"विचार ना तिकडे, बरा आहे ना तो," तो बायकोला म्हणाला.

तिने जावेला फोन लावला. "भावोजी ठणठणीत आहेत," फोन ठेवून तिने नवऱ्याला सांगितलं. "फोन बादलीत पडलाय, आणि नवा घ्यायची चालढकल चाललीय."

सकाळी थोरल्याने कपाटातला आपला जुना फोन काढला, थोडा चार्ज केला, धाकट्याच्या घरचा जिना चढला, दार उघडताच तो त्याच्या हातात ठेवला आणि एक शब्दही न बोलता खाली उतरला. मग फाटकाशी थांबून स्वतःच्या फोनकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्या बातमीखाली उत्तर उगवलं:

"मत साफ चुकीचं. आणि दादा, चार्जर द्यायचा राहिला."

थोरला पुन्हा जिना चढू लागला.


चार्जर त्याने मुद्दामच खिशात ठेवला होता.