आमेनच्या आधी

लेकीची मस्कतमधली नोकरी ठरली होती. एजंट मुलुंडच्या घरी तिचा पासपोर्ट न्यायला आला. मी तो टेबलावर ठेवला, पण म्हटलं, “आधी प्रभूला विचारू.” एस्तेर वैतागली, “आई, विमानात विचारते ना! किती अडवशील गं?” एजंट गोड हसला. “विचारा की मावशी, मीपण चर्चवालाच.” आम्ही डोळे मिटले. “प्रभू, लेकराला नेणारा हात तुझा नसेल, तर आत्ताच दाखव.” सगळ्यांत मोठ्याने ‘आमेन’ तोच म्हणाला. डोळे उघडले, तर टेबल रिकामं. त्याच्या खिशातून पासपोर्टची निळी कड डोकावत होती. एस्तेरने माझा पदर धरला. “तो परत ठेवा,” मी हळू म्हणाले. “नाही जायचं तिला.” “आता कसं, मावशी?” तो हसतच होता. “तिकडच्या माणसाला हिचा फोटो पसंत पडलाय.” तो दाराकडे वळला. त्याच्याआधी पोचून मी कडी लावली.