शिंपीकाकांचा बेत

सरकारी मदत फक्त अंथरुणाला खिळलेल्यांनाच मिळायची, आणि शिंपीकाकांना मिळणाऱ्या त्या मदतीवरच घरातली चूल पेटायची. तरी सगळ्यांचा डोळा चुकवून काका भिंतीच्या आधाराने चालायला शिकत होते. पुन्हा शिलाई मशीनवर बसून मुलाचा भार हलका करायचा, असा त्यांचा बेत होता.

आज ते थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "सूनबाई, चहाला गिऱ्हाईक आलंय बघ!"

सुनेच्या हातातली वाटी निसटली. मुलगा धावत आला आणि त्याने आधी खिडकी लावली. "बाबा, कोणी पाहिलं नाही ना? उद्या तपासणीला साहेब येतायत."

"अरे, पण मी बरा झालोय!"

मुलाने त्यांना अलगद उचलून खाटेवर निजवलं आणि मायेनं पांघरूण घातलं.

मग तो बायकोला हळूच म्हणाला, "ती कपडे वाळत घालायची दोरी सोडून आण गं."