उतरवलेली पट्टी

बँडचा गायक पन्नाशीला आला होता आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं आता त्याच्याच गळ्याला झेपेनासं झालं होतं. त्याच्या मनाला लागू नये म्हणून गिटारवाला, बाकीच्यांना हाताशी धरून, दर एक-दोन वर्षांनी गाण्याची पट्टी गुपचूप थोडी खाली आणायचा. अर्ध्या रिकाम्या बारमध्ये, कुणाकुणाच्या लग्नांत ते निभावून गेलं. मग त्या गाण्याचं जुनं रेकॉर्डिंग अचानक तरुण पोरांच्या फोनमध्ये जाऊन पोचलं आणि आज कित्येक वर्षांनी समोर भरलेलं मैदान होतं.

स्टेजमागे गायकाने गिटारची एक तार छेडली.

"मूळ पट्टीत लाव."

"मूळच आहे की ही!"

"गाढवा, गळा गेलाय माझा, कान नाही."

गिटारवाल्याने मान खाली घातली. "अरे, पण तो वरचा सूर... एवढ्या लोकांसमोर आवाज फाटला तर?"

"ते सगळे रेकॉर्डिंग ऐकून आलेत. तेही त्याच पट्टीत गाणार." गायकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वरचा सूर ते घेतील. तू मला फक्त तिथपर्यंत पोचव."