तोंड एकीचं, बूड दुसरीचं

“मेलेल्याच्या हुकाला मी झोपायची झोळी बांधणार नाही,” ईनक टॅपसेल म्हणाला.

“मग चॅटमच्या आरमारी कोठडीत बांध,” चीफ म्हणाला. “संध्याकाळच्या फेरीला मला ती इथं टांगलेली दिसली पाहिजे.” आणि शिडी चढून गेला.

खाली दोघं उरले. टॅपसेल हा ‘स्पार्टन’ विनाशिकेवरचा आगवाला, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा; नोक्स ‘बर्बर’वरचा खलाशी. दोन्ही विनाशिका एकाच वर्गातल्या. स्पार्टनचं तोंड टॉर्पेडोने उडवलं, बर्बरचं बूड सुरुंगाने. लढाई चालू, नवी बांधायला वेळ कुणाला? गोदीत उरलेले दोन अर्धे आणले, रिव्हेट मारून जोडले आणि नावंही तशीच जोडून नाव ठेवलं ‘बर्टन’.

“वाण्याच्या दुकानाच्या पाटीवर शोभेल,” नोक्स म्हणाला. टॅपसेल हसला नाही.

विनाशिकेवर माणसं झोपतात पुढे, आगीपाशी राबतात मागे. बर्बरच्या आगवाल्यांच्या खोलीतले हुक तेवढे शाबूत राहिले, मागे पाळीवर होते ते आगवाले गेले. स्पार्टनचे पाळीवरचे आगवाले वाचले, त्यांची खोली तळाला गेली. कचेरीतल्या साहेबांना काय, आयतंच सापडलं. जागा तयार, माणसं तयार.

टॅपसेलने हुकाला बोट लावलं. “कुणाचा?”

“बायलिसचा. घोरायचा लेकाचा. पलीकडच्या खलाशांच्या खोलीतून आम्ही मधल्या पत्र्यावर बूट फेकायचो. बांध तू खुशाल, तो काही म्हणायचा नाही.”

“सुरुंग फुटला तेव्हा कुठं होता?”

“मागे. पाळीवर.”

“आणि तू?”

“पलीकडे, झोपलेला.” नोक्सने कान खाजवला. “उठून बघतो तर मागचं जहाजच नाही.”

टॅपसेल हुकाकडे बघत राहिला. मग बोलला, तेही हुकाशीच बोलल्यासारखं.

“मी मागे होतो. भाऊ पुढे झोपलेला. सायलस. पाळी त्याची होती. अंगात कणकण होती त्याच्या. म्हटलं, पड जरा, मी जातो.”

जमिनीवर पडलेल्या झोळीची एक दोरी नोक्सने उचलली.

“ते टोक तू धर,” तो म्हणाला. “कोठडीत ओल असते.”

दोघांनी मिळून झोळी टांगली.

चीफ फेरीला आला. कंदील उंच धरून त्याने अलीकडच्या झोळ्या पाहिल्या, पलीकडच्या पाहिल्या. कुठलाच हुक मोकळा नव्हता.

“आता कसं जहाजासारखं जहाज दिसतंय,” तो म्हणाला आणि गेला.

खाली त्याने पाहिलंच नाही. टॅपसेल रिकाम्या झोळीखाली उघड्या लोखंडावर पडला होता. आणि पत्र्यापलीकडे, आपल्या रिकाम्या झोळीखाली, नोक्सही.