नव्वदात एक

"चंद्रभान... प्लॉट सत्तेचाळीस!" तहसीलदार मॅडमनी चिठ्ठी वाचली.

मांडवात बसलेल्या रामाजीने दुपट्ट्याने तळहात पुसले. त्याची पाळी अजून यायची होती. धरणाच्या पाण्यात गाव जाणार होतं. आष्टीच्या रस्त्याला आखलेल्या नव्या गावठाणात कोण कुठे राहणार, ते समोरच्या प्लास्टिकच्या डब्यातल्या चिठ्ठ्या ठरवत होत्या.

"मोनाली, त्याच्या बाजूचा प्लॉट मले लागाचा किती चान्स हाय?" सकाळपासून त्याने हे कितीदा तरी विचारलं होतं.

मोनाली, त्याची मुलगी, वर्ध्याच्या कॉलेजात गणित शिकवायची. "बाबा, प्लॉट एकशेऐंशी. त्याच्या दोन बाजूचे दोन. म्हणजे साधारण नव्वदात एक. काऊन एवढं टेन्शन घेऊन राह्यले?"

काऊन, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. रामाजी आणि चंद्रभानच्या घरांमध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीवरून दोघांचं उभं आयुष्य भांडण्यात गेलं होतं. सांडपाणी कोणाच्या अंगणात उतरतं, निंबाची फांदी कोणाच्या कवेलूच्या छपरावर येते, रेडिओ कोणाचा मोठा. मागच्या उन्हाळ्यात तर प्रकरण पोलीस पाटलापर्यंत गेलं होतं.

"सेहेचाळीस तर मघाच नत्थूजीले लागला," रामाजी पुटपुटला. "आता अठ्ठेचाळीसच उरला."

"मग तर चान्स अजून कमी झाला. बसा ना निवांत."

तो बसून राहिला नाही. खांबाला धरून उभा राहिला. नाव पुकारलं की पुढे वाकायचा, नंबर ऐकायचा, श्वास सोडायचा. अठ्ठेचाळीस काही निघेना.

मग त्याचंच नाव आलं. त्याने डब्यात हात घातला. एक चिठ्ठी उचलली, सोडली. दुसरी धरली आणि डोळे मिटून मॅडमच्या हातात दिली.

"रामाजी... प्लॉट तीन!"

मांडवात टाळ्या पडल्या. तीन म्हणजे ऐन रस्त्यावर, बस थांब्यासमोर. सगळ्यांचा डोळा त्याच प्लॉटवर होता. "सुटला रे रामाजी! आता तो गावाच्या त्या टोकाले अन् तू या टोकाले," मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले. पलीकडे चंद्रभान खाली मान घालून बसला होता.

रामाजीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. बाबांना चक्कर येते की काय, असं वाटून मोनालीने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ती बाजूला सारली.

"कोणाला अदलाबदल करायची असेल, तर दोघांनी आजच सह्या करा," मॅडम सांगत होत्या.

रामाजी लोकांना ढकलतच मांडवाच्या टोकाशी गेला. नत्थूजी तिथे चहा पीत होता.

"नत्थूजी, माहा तीन नंबर तू घे. तुहा सेहेचाळीस मले दे."

नत्थूजीच्या हातातला कप तसाच राहिला. "डोकं ठिकाणावर हाय ना तुहं? रस्त्यावरचा प्लॉट सोडून पुन्हा त्या चंद्रभानच्याच भिंतीले जाऊन राह्यला?"

"चाल, सही कर लवकर," रामाजी म्हणाला. "एवढ्या मोठ्या नव्या गावात मी भांडू कोणासंग?"